पहिला फास, पहिला छर्रा

मराठीत एकाच कामाला दोन शब्द आहेत, पारध आणि शिकार. ‘शिकार’ फारसीतून आला. ‘पारध’ त्याच्याहून पुष्कळ जुना. संस्कृतातल्या ‘पापर्द्धि’ या शब्दाचे प्राकृतात ‘पारद्धि’ झाले आणि त्यातून आपला पारध शब्द आला. ‘पापर्द्धि’ फोडून पाहिला तर पाप आणि ऋद्धि, म्हणजे पापाची वाढ. शब्द घडवणाऱ्यांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता. पण हा निकाल दोघांना सारखा लागू झाला नाही. शिकार करणाऱ्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लागले, पारध करणाऱ्याचे नाव पोलिसांच्या वहीत गेले. काम तेच, रान तेच, पुष्कळदा पाखरूही तेच.

मोठ्या शिकारींवर, म्हणजे वाघ-बिबट्यांवर, मराठीत लिहिले गेले आहे. पक्ष्यांच्या शिकारीवर फार थोडे. आणि नवशिक्यावर तर नाहीच. ज्याने आयुष्यात कधी पाखरू धरलेले किंवा मारलेले नाही, त्याला ते कोण शिकवत असे, कुठून सुरुवात होत असे, पहिले पाखरू हाती आल्यावर त्याला शाबासकी मिळे की दंड, हे प्रश्न मला बरीच वर्षे अडवत आले आहेत. मी राहतो ते पिपरी मेघे वर्धा शहराला लागून आहे. सावंगी, सिंदी, बोरगाव अशी ‘मेघे’ हे उपपद लावणारी आणखी गावे आसपास आहेत. कधीकाळी ही शेतांची गावे होती, आता ले-आउटांची आहेत. तरी रिकाम्या प्लॉटांवर गवत माजले की पहाटे तितराचा आवाज येतो. या लेखाचे मूळ त्या आवाजात आहे.

सुरुवात पारध्यापासून न करता शेतकऱ्याच्या पोरापासून करतो. वऱ्हाड-नागपूरकडे ज्वारी मुबलक होती तोवर खेड्यातल्या प्रत्येक मुलाची पाखरांशी पहिली गाठ जागलीवर पडे. कणसात दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरत. मचाणावर पोराला बसवले जाई, हातात गोफण देत आणि शेजारी मातीच्या खड्यांचा ढीग. गोफणीचे काम पाखरू मारण्याचे नव्हते, उठवण्याचे होते. पण हात बसला की पोर गलोलीकडे वळे, बेचकीला सायकलच्या ट्यूबचे रबर बांधून बोरीखाली बसे. बुलबुल, होला, कधी चिमणी. घरी शाबासकी मिळत नसे. आजी बहुधा कान पिळे. हे शिक्षण तेवढ्यावरच थांबे. विदर्भात सोयाबीन आले, ज्वारी हटत गेली, आणि ज्वारीबरोबर जागल, मचाण, गोफण हे सगळे गेले. पाखरांचे नुकसान करणारी ही शाळा बंद झाली याचे दुःख करावे असे नाही. पण भोरडी कोणती आणि साळुंकी कोणती हे लांबून ओळखणारा शेतकऱ्याचा डोळा त्याच शाळेत तयार होत होता, हेही खरे.

राजेलोकांच्या शाळेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात नवशिक्याला फारसे काही करावेच लागत नसे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. मराठी अभ्यासकांना तो ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी माहीत असतो. त्याच ग्रंथाच्या विनोदांच्या भागात लावकविनोद म्हणजे लाव्यांच्या झुंजी, श्येनविनोद म्हणजे ससाण्याकरवी पाखरे पाडणे आणि मृगयाविनोद अशी प्रकरणे आहेत. ‘विनोद’ म्हणजे इथे मनरंजन. ससाणा पकडायचा कोणी, माणसाळवायचा कोणी, लावे आणून द्यायचे कोणी? राजाच्या हातावर ससाणा बसण्यापूर्वी तो किती अनाम हातांतून गेला असेल, याचा अंदाज वाचणाऱ्याने करायचा.

ते हात पारध्यांचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या जातीजमातींची माहिती आहे. त्यात पारध्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पारधी, बहेलिया, मीरशिकार, टाकणकर, लंगोटी पारधी, फासेपारधी अशी नावे तिथे एकत्र येतात. टाकणकर म्हणजे जात्याला टाकी लावणारे. बंदूक वापरणाऱ्यांना शिकारी म्हणत आणि फास लावणाऱ्यांना फासेपारधी. हत्यारावरून जातीची शाखा ओळखायची ही पद्धत मला फार बोलकी वाटते. आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, बहेलिया, चित्ता पारधी, टाकणकर यांच्याच ओळीत ‘शिकारी’ हे एका जमातीचे नाव म्हणून छापलेले आहे. साहेबाने आणि संस्थानिकाने मिरवलेली पदवी ती हीच.

फासेपारध्याच्या पोराचे शिक्षण कानापासून सुरू होई. डोळ्यापासून नव्हे. तितर दिसण्याआधी ऐकू येतो. पहाटे एका बाभळीवरून एक नर ओरडतो, लगेच दुसऱ्या बांधावरून दुसरा उत्तर देतो. कोणाचा मुलूख कुठे संपतो हे त्या हाकांवरून समजते. ही हाक तोंडाने काढता आली पाहिजे. मग जमीन वाचायची. धुळीत पाखरे लोळली असतील तर तिथे खळगे दिसतात, रात्री थवा बसतो त्या झाडाखाली विष्ठा पडलेली असते, पाण्याकडे जाणारी पायवाट गवतात निराळी उमटते. रानलाव्यांचा थवा रात्री शेपट्या आत आणि तोंडे बाहेर असे वर्तुळ करून बसतो, त्यामुळे दचकला की सगळ्या दिशांना एकदम फुटतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या पायाखालून थवा उडतो आणि हाती काही लागत नाही.

फासाची रचना साधी आणि अतिशय हुशार. बांबूच्या बारीक काड्या एका दोरीला ओळीने बांधलेल्या असतात. प्रत्येक काडीला जनावराच्या तातीचा किंवा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा सरकफास असतो. पुढच्या काळात त्याची जागा नायलॉनने घेतली. काड्या गवतात आडव्या ओळीने रोवायच्या, फास पाखराच्या मानेच्या उंचीवर उघडे ठेवायचे. पाखराची मान आत गेली की ते मागे फिरत नाही, पुढे रेटते, आणि फास आवळतो.

मग पाखरू ओळीपर्यंत आणायचे कसे? आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एका वाक्यात सांगितले होते, “तितर उडत नाही जी, पयते.” सगळी युक्ती या एका निरीक्षणावर उभी आहे. तितर जिवावर बेतल्याशिवाय पंख उघडत नाही, गवतातून पळत राहतो. माणूस दिसला तर उडेल. गाय दिसली तर उडणार नाही, कारण गाय रोजची. म्हणून फासेपारधी शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालून तिच्या आडून चालत. गाय चरल्यासारखी हळूहळू सरकते, तितर तिच्यापुढे तितक्याच हळू सरकतात, आणि सरकत सरकत फासांच्या ओळीत शिरतात. नवशिक्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट फास लावण्याची नसते, गाईच्या चालीने चालण्याची असते. घाई केली की खेळ संपला. आठ-दहा वर्षांचे पोर हे दिवसेंदिवस बापाच्या मागे चालून शिके.

दुसरी रीत बोलत्या पाखराची. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, भोवती फास लावायचे. तो ओरडला की त्या मुलखाचा धनी असलेला रानटी नर भांडायला धावून येतो. इथे नवशिक्याचे खरे काम वर्षभर आधीच सुरू झालेले असते, पिंजऱ्यातले पाखरू सांभाळण्याचे. त्याला वाळवी खाऊ घालायची, थंडीवाऱ्यात जपायचे. जे पाखरू धरून विकायचे त्याचीच जात घरात लेकरासारखी वाढवायची, हा विरोधाभास बाहेरच्याला खटकतो, पारध्याला खटकत नसावा.

विणीच्या दिवसांत फास न लावणे, पिल्लांबरोबरची मादी सोडून देणे असे दंडक फासेपारध्यांत असल्याचे विदर्भात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी नोंदवले आहे. या दंडकांना उगाच पावित्र्य चिकटवू नये, असे मला वाटते. ज्याला पुढच्या वर्षी पोट घेऊन त्याच माळावर परत यायचे आहे, त्याचा तो सरळ हिशेब आहे. पण हिशेब म्हणून तो साहेबाच्या ‘क्लोज सीझन’पेक्षा कमी ठरत नाही. साहेबाकडे त्याचा कायदा झाला, पारध्याकडे ती रीत राहिली.

आता साहेबाकडे वळू. नागपूरजवळ कामठीला फौजेची छावणी होती. विलायतेहून आलेल्या कोवळ्या अधिकाऱ्याला वाघ पहिल्या वर्षी मिळत नसे. त्याची सुरुवात लाव्या-तितरांनी आणि धानाच्या बांध्यांतल्या पाणलाव्यांनी होई. पाणलावा नागमोडी उडतो, त्यावर नेम धरणे कठीण. इंग्रजीत पाणलाव्याला ‘स्नाइप’ म्हणतात. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले गोरे सैनिक आपल्या पत्रांत ‘स्नाइपिंग’ला जातो असे लिहीत. पुढे लपून अचूक नेम मारणाऱ्या सैनिकाला ‘स्नायपर’ हे नाव पडले ते याच पाखरावरून. युद्धाच्या बातम्यांत हा शब्द आपण रोज वाचतो. तो इकडच्या चिखलात जन्मला हे लक्षात येत नाही.

या नवशिक्याला पुस्तके होती. ह्यूम आणि मार्शल यांचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ च्या दरम्यान आला. हे ह्यूम म्हणजे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. त्यांनी हजारो पक्ष्यांची कातडी जमवली होती. पंचवीस वर्षांची हस्तलिखित टिपणे सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली, त्यानंतर त्यांनी पक्षीशास्त्र सोडले आणि संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. थिऑसॉफीच्या ओढीने ते शाकाहारीही झाले होते. सेवाग्रामच्या शेजारी बसून हे लिहिताना काँग्रेसचा हा पक्षीमार संस्थापक मला वारंवार आठवतो.

पुस्तकांपेक्षा मोठा आधार होता तो गावातल्या शिकाऱ्याचा. साहेबाला माळ कोणता, ओढा कोणता, पाखरे किती वाजता पाण्यावर येतात, हे तोच दाखवी. आणि साहेब त्याच्याकडून हे सगळे शिकून वर एक नीतिशास्त्र मांडी. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही, उडते मारायचे, पाखराला सुटायची संधी द्यायची. फास लावणे म्हणजे भ्याडपणा. पोटासाठी धरणाऱ्याला हे नियम परवडणार कसे? छर्ऱ्याने जखमी होऊन झुडपात मरायला गेलेली पाखरे कोणी मोजत नसे. फासात सापडलेले मात्र एकूण एक मोजले जाई, कारण ते बाजारात येई.

बंदुकीचेही तसेच. १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवाना लागू झाला, युरोपियनांना त्यातून सूट होती. १८८७ च्या कायद्याने नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या काळात नुकती मारलेली रानपाखरे बाळगणे व विकणे यावर बंदी आणता येऊ लागली. नीट पाहिले तर यात रोख विकणाऱ्यावर आहे. १९१२ च्या कायद्याने पाखरांची यादी दिली आणि त्यांच्यासाठी बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. तितर, लावा, मोर, माळढोक, तणमोर यांच्याबरोबर त्या यादीत बगळे, खंड्या आणि नीलपंख हेही होते. नीलपंख कोणी खात नाही. तो यादीत आला, कारण त्याच्या निळ्या पिसांना विलायती बायकांच्या टोप्यांसाठी मागणी होती. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो हा नीलकंठ. काही वर्षांपूर्वी वर्धेकरांनी मतदान घेऊन त्याला शहरपक्षी म्हणून निवडले. मत देणाऱ्यांतल्या थोड्यांनाच त्याची ही टोपीची कथा ठाऊक असेल.

या सगळ्याच्या पाठीशी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता. १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी आवळला गेला. ठिकठिकाणी पारध्यांच्या गटांवर त्याचा शिक्का बसला. हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडणे, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. पाखरांच्या मागे फिरणे हाच ज्याचा धंदा, त्याला फिरण्याचीच बंदी. मग पोराला शिकवायचे कुठे? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

त्याच काळात मुंबईत एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने आपली पहिली पाखरे मारली. तो सालिम अली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेला. हातात छऱ्याची खेळण्यातली बंदूक आणि लक्ष्य चिमण्या. एक दिवस पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणे धर्माला चालेल का, अशी शंका आल्याने त्याने ती मामांकडे नेली. मामा शिकारी होते आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासदही. त्यांनी सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. १९०८ सालची ही गोष्ट. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, वाचायला पुस्तके दिली आणि पुढे पक्ष्याचे कातडे काढून जतन करण्याचे शिक्षणही तिथेच मिळाले. भारतीय पक्षीशास्त्राचा आरंभ म्हणून ही कथा शाळेच्या पुस्तकांत आली आहे, आणि योग्यच आहे.

मला मात्र तिच्यातली मामांची चिठ्ठी महत्त्वाची वाटते. त्याच सुमारास वऱ्हाडात कुठल्यातरी माळावर त्याच वयाचे फासेपारध्याचे पोर पहिला लावा फासातून सोडवत असणार. त्याच्या पाखराला नाव होते, हाक होती, विणीचा महिना ठाऊक होता. त्याच्या मामाकडे चिठ्ठी नव्हती, आणि असती तरी ती न्यायची कोणत्या दारात? सालिम अलींचा मोठेपणा यात तसूभरही कमी होत नाही. उलट पारध्यांची किंमत त्यांनाच सगळ्यात आधी कळली. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे सोसायटीचे काम सुरू झाले तेव्हा पाखरू जिवंत, पिसाला धक्का न लावता हाती हवे होते. बंदूक तिथे निरुपयोगी. बिहारचे मीरशिकार बोलावले गेले. त्यांतले अली हुसेन यांचे नाव पक्षी-अभ्यासकांत आदराने घेतले जाते.

मारुती चितमपल्लींची सुरुवातही काही निराळी नाही. त्यांना रान प्रथम दाखवले ते घरच्या माणसांनी. पुढे वनखात्यात आल्यावर पारधी आणि वनवासी हे त्यांचे गुरू झाले. मराठीत पक्ष्यांची जी देशी नावे आज आपण सहज वापरतो, त्यांतली कितीतरी त्यांनी अशा माणसांच्या तोंडून टिपून घेतली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. दिवाळीच्या आगेमागे पोरांच्या हातात दुर्बीण येते ती त्या आठवड्यात.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही सुरुवातीला लहान शिकारीचे आणि प्राणी पकडण्याचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. आज तितर धरणे किंवा मारणे हा गुन्हा आहे, मग धरणारा कोणीही असो. हा कायदा मला योग्य वाटतो. माळरानेच उरली नाहीत तिथे परवाने देणार कशाचे? पण कायदा सर्वांवर सारखा असला तरी पडला तो सारखा नाही. ज्यांची शिकार हौस होती त्यांनी बंदुका भिंतीला टांगल्या आणि कॅमेरे घेतले. ज्यांची ती भाकर होती त्यांना काय द्यायचे, हे कायद्याने ठरवलेच नव्हते. वाशिमकडे ‘संवेदना’ या संस्थेच्या पुढाकाराने फासेपारध्यांनी तितर आणि तणमोर यांच्यासाठी गवताचे माळ राखायला घेतले, ते मला या प्रश्नाचे आतापर्यंतचे सगळ्यात जमिनीवरचे उत्तर वाटते. तिथे त्यांची विद्या गुन्हा ठरत नाही, मोजणीला उपयोगी पडते.

शेवटी एका पाखराची गोष्ट. जेर्डनचा धाविक हा पक्षी जेर्डन यांनी १८४८ मध्ये जगापुढे आणला. ब्लॅनफर्ड यांनी त्याची नोंद आपल्या सिरोंच्याहूनही केली होती, म्हणजे तो एकेकाळी विदर्भाचाही होता. १९०० मध्ये अनंतपूरजवळ तो दिसला आणि मग पंच्याऐंशी वर्षे कोणालाच दिसला नाही. तो नामशेष झाला असे धरून चालत. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आंध्रात पुन्हा शोध घेतला, गावोगाव त्याचे चित्र दाखवले. कडप्पा जिल्ह्यात ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्याने चित्र पाहून हा पक्षी ओळखला. शास्त्रज्ञ तो दिवसा शोधत आले होते. ऐतन्नाला ठाऊक होते की तो रात्री फिरतो. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्लीजवळ, रात्री, बॅटरीच्या उजेडात त्याने तो हाताने धरला. पाखरू थोडे दिवस जगले. आता ते मुंबईत सोसायटीच्या संग्रहात आहे.